सोलरचं कर्ज नंतर, आधी लाईटबिलावर नाव कोणाचं ते बघा

ताई, कर्ज काढून छतावर सोलर बसवायच्या तुमच्या प्रश्नात पॅनल कुठलं, किती किलोवॅट, व्याज किती असं बरंच काही आहे, पण मी लिहायला बसलो ते मधल्या एका ओळीमुळे. कर्ज तुमच्या नावावर निघणार, घर तुम्हा दोघांचं, आणि लाईटबिल अजून सासऱ्यांच्या नावानं येतंय. त्यावर इन्स्टॉलर म्हणतो "ते होऊन जाईल, तुम्ही टेन्शन घेऊ नका". मलाही अगदी हेच ऐकवलं होतं. आमच्याकडे बिल वडिलांच्या नावावर होतं, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पॅनल कुठलं या वादात मी पडत नाही, त्यावर बोलणारे खूप भेटतील.

आमच्याकडे पॅनल पटकन बसले. इन्स्टॉलरनं फोटो काढले, कर्ज देणाऱ्यांना पाठवले, त्यांनी सगळी रक्कम थेट त्याच्या खात्यात टाकली आणि पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. नेट मीटरचा (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) अर्ज मात्र वीज कार्यालयात अडकला. का, तर अर्जदाराचं नाव आणि ग्राहकाचं नाव वेगळं. बरं, ते चूक नाही, नियम असेल तर असेल. पण नाव बदलायचं टेबल वेगळं, तिथे गेलो तर सगळ्या वारसांची ना हरकत आणा म्हणाले. बहीण परगावी, तिची सही आणली. मग जुन्या बिलावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं म्हणून प्रतिज्ञापत्र. हे सगळं करून नाव बदललं, आणि मग सोलरच्या टेबलावरचा माणूस फाईल उघडून शांतपणे म्हणतो की तुमचा मंजूर भार (एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे तो आकडा) सोलर प्लँटच्या क्षमतेपेक्षा कमी आहे, आधी भार वाढवून घ्या! अहो, ते तर पहिल्या दिवशीच्या बिलावर छापलेलं होतं ना? सगळ्या त्रुटी एकदम लिहून द्या म्हटलं तर "असं लिहून देत नाही आम्ही". एक पूर्ण केली की दुसरी, तीही तोंडीच, आणि ज्यांनी तोंडी सांगितलं ते पुढच्या खेपेला रजेवर. माझा अजून राग गेलेला नाही, त्यामुळे थोडं तिखट लिहितोय, सांभाळून घ्या. सगळीच कार्यालयं अशी नसतात, एका मित्राचं काम विनासायास झालंय.

या काळात हप्ता पण भरा आणि पूर्ण लाईटबिल पण भरा. पॅनल वर नुसते चकाकत होते.

इन्स्टॉलरनं मग त्याचा तोडगा काढला, "चालू करून टाकू, कोण बघतंय". टेस्टिंग म्हणून भर दुपारी एमसीबी (सोलर लाईनला जोडणारा स्विच) वर केला. मी मीटरपाशी उभा होतो. घरात फ्रिज सोडून सगळं बंद, म्हणजे मीटर जवळपास थांबायला हवं, तर त्यावरचा लाल दिवा एरवीपेक्षा कितीतरी जोरात लुकलुकायला लागला आणि आकडे पुढेच पळायला लागले. बरीच साधी डिजिटल मीटर वीज कुठल्या दिशेनं जातेय ते बघतच नाहीत, बाहेर गेलेलं युनिटही वापरलेलं म्हणूनच मोजतात. म्हणजे माझ्याच छतावर तयार झालेली वीज मी फुकट देणार आणि वर तिचं बिल मीच भरणार. तिथल्या तिथे एमसीबी खाली पाडायला लावला. शिवाय परवानगीशिवाय लाईनवर वीज सोडणं बेकायदेशीर आहे ते वेगळंच, तुम्हाला कोणी हा सल्ला दिला तर ऐकू नका.

त्यामुळे माझं मत (मत आहे, मी ना इलेक्ट्रिशियन ना सीए, आणि नियम प्रत्येक वीज कंपनीचे वेगळे असतात): सासरे आहेत तोवर नाव बदलून घ्या किंवा अर्जच त्यांच्या नावानं करा, दोन्हीपैकी काय चालतं ते कार्यालयात विचारा, इन्स्टॉलरला नाही. मंजूर भार बिलावर बघा. हे झाल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही नको. आणि कर्ज देणाऱ्यांना स्पष्ट विचारा की पैसे टप्प्याटप्प्यानं सोडता का. शेवटचा टप्पा मीटर बसून प्लँट चालू झाल्यावरच, हे करारात लिहून घ्या. एकदा पूर्ण पैसे गेले की इन्स्टॉलरचा फोन लागणं बंद होतं, निदान माझ्या बाबतीत झालं.

"हप्ता बिलातूनच निघतो", म्हणजे बिलात वाचलेल्या पैशातून, हे जे तुम्हाला सांगितलंय ते अर्धंच खरं असतं. हप्ता दर महिन्याला तोच, प्लँटचं उत्पादन मात्र ढगाळ महिन्यात धाडकन खाली येतं. बिलातला स्थिर आकार (युनिट वापरा न वापरा, लागणारी ठराविक रक्कम) तर जातच नाही. आणि काही ठिकाणी बाहेर दिलेल्या युनिटला विकत घेतलेल्या युनिटपेक्षा कमी भाव मिळतो. दिवसा घरात कोण असतं, काय चालू असतं यावर हिशेब करा, वर्षाच्या एकूण युनिटवर नको. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर असाल आणि तिकडे भाव कमी असेल तर छोटा प्लँट घ्या, पूर्ण छत भरायची गरज नाही.

व्याजाचं म्हणाल तर दर फ्लॅट आहे (शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) की घटत्या शिलकीवर (फेडून उरलेल्या रकमेवर), एवढं आधी विचारा. 10 टक्के फ्लॅट, 5 वर्षं, हे घटत्या शिलकीच्या हिशेबानं 17 टक्क्यांच्या वर जातं. शून्य टक्के म्हणत असेल तर त्याच प्लँटचं रोखीचं कोटेशन मागा, फरक दिसला की व्याज कुठे लपलंय ते कळेल. पॅनलच्या उत्पादनाची हमी साधारण 25 वर्षांची देतात, इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) बहुतेक वेळा 5 ते 10 वर्षं, म्हणजे मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलायचा खर्च धरूनच चाला. तो खर्च त्यांच्या एक्सेल शीटमध्ये कधीच नसतो, तुमच्या शीटमध्येही नसणार बघा.

अजून एक, विषय जरा वेगळा आहे पण राहून जाईल. लाईट गेली की बॅटरी नसलेला साधा सोलर पण बंद पडतो, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. आमच्या मातोश्रींना हे अजून पटलेलं नाही, ऊन आहे तर पंखा का नाही! आणि छतावर गळती असेल तर वॉटरप्रूफिंग आधी उरका, नंतर स्ट्रक्चर उचलायचे पैसे वेगळे मागतात. टाकीची सावली थंडीच्या दिवसांत लांब पडते, तेव्हाची जागा धरूनच पॅनल मांडायला सांगा. एका सिरीजमधल्या (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या रांगेतल्या) एका पॅनलवर सावली पडली तरी पूर्ण सिरीजला फटका बसू शकतो.

तुमचं कोटेशन काढून शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा. "वीज कंपनीकडील परवानग्या ग्राहकाने घ्याव्यात" अशी ओळ आहे का बघा. आमच्यात होती. असेल तर ती खोडून तिथे इन्स्टॉलरची सही घ्या, नाही म्हणाला तर दुसरा इन्स्टॉलर बघा.