‘एलिमेंटल’ म्हणजे भूत नव्हे

विचारणा अशी आहे. विक्का या आधुनिक पाश्चात्त्य पंथाची ओळख करून देणारा एक लेख मराठीत आणताना अनुवादकाची लेखणी ‘एलिमेंटल’ या शब्दापाशी अडली आहे. पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांच्या आश्रयाने राहणाऱ्या या अद्भुत जीवांना ‘पंचमहाभूतांचे आत्मे’ म्हणावे, ‘भुते’ म्हणावे, की मूळ शब्दच ठेवावा? आणि नोम, अंडाइन, सिल्फ, सॅलॅमँडर या चार नावांसाठी अनुक्रमे बुटका, जलपरी, परी आणि आग्या वेताळ हे शब्द चालतील का?

माझे मत आधीच सांगून टाकतो. ‘आत्मे’ नको, ‘भुते’ तर नकोच नको. वर्गाचे नाव म्हणून ‘तत्त्वजीव’ हा शब्द घ्यावा, चारही विशेषनामे मूळचीच ठेवावीत आणि प्रत्येक नावाच्या पहिल्या उल्लेखाशेजारी भूजीव, जलजीव, वायुजीव, अग्निजीव असा खुलासा द्यावा.

‘आत्मे’ का नको, हे समजण्यासाठी ही चौकडी आली कोठून ते पाहावे लागते. पाणवठ्यावरचे, खाणीतले आणि रानातले अद्भुत जीव युरोपच्या लोककथांत पूर्वीपासून होतेच, पण त्यांना चार तत्त्वांच्या चौकटीत बसवण्याचे काम पॅरासेल्सस या स्विस वैद्याने केले. तो १५४१ मध्ये वारला आणि या विषयावरचे त्याचे लॅटिन नावाचे पुस्तक २५ वर्षांनी, १५६६ मध्ये छापले गेले. त्यात तो सांगतो की या जीवांना रक्तमांस आहे, ते खातात, पितात, बोलतात, त्यांना मुलेबाळे होतात, ते आजारी पडतात आणि मरतातही; म्हणून ते निव्वळ आत्मे नव्हेत. मात्र माणसाला असतो तसा अमर आत्मा त्यांना नाही, म्हणून ते माणूसही नव्हेत. ज्यांचे मुख्य लक्षणच आत्मा नसणे हे आहे, त्यांना मराठीत ‘वायूचा आत्मा’ किंवा ‘जलाचा आत्मा’ म्हणणे म्हणजे व्याख्येलाच छेद देणे होय. इंग्रजीतला ‘स्पिरिट’ हा शब्द ऐसपैस आहे, त्यात देवदूतापासून पिशाचापर्यंत सगळे मावते. मराठीतल्या ‘आत्मा’ या शब्दामागे मात्र उपनिषदांपासून संतवाङ्मयापर्यंतचे एवढे मोठे ओझे आहे की त्याला असल्या हलक्या कामाला जुंपू नये.

‘भूत’ या शब्दाचा मोह अधिक फसवा आहे, कारण वरवर पाहता तो अगदी नेमका बसतो. ‘भू’ म्हणजे होणे या धातूपासून आलेल्या या शब्दाला मराठीत झालेला काळ, सजीव प्राणी, मूलतत्त्व आणि पिशाच असे चारही अर्थ आहेत, आणि तत्त्वात राहणाऱ्या अदृश्य प्राण्याला याहून समर्पक शब्द कोणता मिळणार, असे कोणालाही वाटेल. परंतु आपल्या लेखनाच्या सवयीनेच या अर्थांची वाटणी करून टाकलेली आहे. तत्त्वांविषयी लिहिताना आपण ‘महाभूतांचा’, ‘महाभूतांना’ असा दीर्घ ऊ कायम ठेवतो, तर पिंपळावरच्या त्या दुसऱ्या मंडळींसाठी ‘भुतांचा’, ‘भुताटकी’ असा ऱ्हस्व उ सहजपणे लिहून जातो. तत्सम शब्द आणि घरचा झालेला शब्द यांच्यातला हा भेद आहे. वाचक ‘भुते’ वाचेल तेव्हा त्याच्या मनात पृथ्वी-आप-तेज-वायू येणार नाहीत, अमावास्येची रात्र येईल.

शिवाय मराठी भुताला एक पूर्वायुष्य असते. मुंजा म्हटला की मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी गेलेला मुलगा आला, हडळ म्हटली की बाळंतपणात गेलेली बाई आली. समंध, खवीस, गिऱ्हा यांच्याही मागे बहुतेक वेळा कोणी तरी मेलेले माणूस आणि त्याची अडकलेली वासना असते. म्हणून तर बाधा झालेल्या माणसाला भगत पहिल्यांदा ‘तू कोण, कुठला’ हेच विचारतो. तत्त्वजीवाला हा प्रश्न लागूच पडत नाही, कारण तो कधी माणूस नव्हताच. गंमत म्हणजे थिऑसॉफी या एकोणिसाव्या शतकातल्या गूढविद्येच्या पंथाच्या लोकांना हा भेद इतका महत्त्वाचा वाटला की त्यांनी निसर्गतत्त्वांत राहणाऱ्या जीवांना ‘एलिमेंटल’ आणि मेलेल्या दुराचारी माणसांच्या उरलेल्या अंशांना ‘एलिमेंटरी’ असे दोन वेगळे शब्द योजले. या पंथाचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक मुंबईतूनच निघू लागले, तेव्हा ही परिभाषा आपल्या दाराशी येऊन बराच काळ लोटला आहे. त्या जोडीतल्या दुसऱ्या शब्दाला ‘भूत’ हा मराठी शब्द पुष्कळसा जवळचा आहे. आपल्याला हवा आहे तो पहिला.

मग जवळचा शब्द कोठे सापडतो? माझ्या मते अमरकोशात. विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध आणि भूत या दहांना अमरसिंहाने ‘देवयोनी’ म्हटले आहे. येथे भूत हीसुद्धा एक स्वतंत्र जात आहे, मेलेल्या माणसाची अवस्था नव्हे, आणि माणसांहून वेगळ्या पण देवांच्या पायरीला न पोहोचलेल्या जीवांचा एक वर्ग कल्पिणे ही नेमकी तीच रीत आहे. या धर्तीवर ‘तत्त्वयोनी’ हा शब्द शास्त्रशुद्ध ठरेल. मात्र मनुष्ययोनी, पिशाचयोनी, चौऱ्याऐंशी लक्ष योनी हे शब्द कानावरून गेलेले असूनही आजच्या वाचकाला ‘योनी’ या शब्दाचा शारीर अर्थच आधी सुचतो, म्हणून चालत्या वाक्यात ‘तत्त्वजीव’ बरा.

‘पंचमहाभूते’ हा शब्दही येथे जपून वापरावा. पॅरासेल्ससची चौकट एम्पेडोक्लीस या ग्रीक तत्त्वज्ञाकडून आलेल्या चार तत्त्वांची आहे. त्यात आकाश नाही आणि आकाशात राहणारा पाचवा तत्त्वजीवही नाही. विक्कामध्ये पंचकोनी ताऱ्याचे पाचवे टोक असते खरे, पण ते ‘स्पिरिट’चे, म्हणजे चैतन्याचे असते. तेथे ‘आकाश’ लिहिले तर ‘शब्द’ म्हणजे ध्वनी हा ज्याचा गुण मानतात त्या आपल्या आकाशतत्त्वाशी भलतीच सांगड घातल्यासारखे होईल.

आता चार नावे घेऊ. नोमला ‘बुटका’ म्हणणे चूक नाही, कारण पॅरासेल्सस त्याची उंची दोन वितींच्या आसपास सांगतो. पण बुटकेपणा हे त्याचे वरवरचे लक्षण आहे. आपण जसे हवेतून चालतो तसा तो खडकातून चालतो, कारण त्याच्यासाठी दगडमाती हीच मोकळी जागा असते, आणि भूमीतल्या धनाची राखण हे त्याचे काम असते. या कामाकडे पाहिले तर कुबेराचा निधी राखणारा ‘गुह्यक’ हा त्याचा संस्कृतातला सर्वांत जवळचा भाऊबंद ठरतो. शब्द अपरिचित आहे, म्हणून मी तो खुलाशातच वापरीन. कोकणातला आणि गोव्यातला ‘राखणदार’ मात्र येथे आणू नये. तो गावाची सीम राखतो, त्याला नेमाने मान द्यावा लागतो, आणि इंग्लंडातल्या बागांत लाल टोपी घालून बसवलेल्या नोमच्या मातीच्या बाहुल्याशेजारी त्याला उभे करणे कोणाही गावकऱ्याला रुचणार नाही.

अंडाइनसाठी ‘जलपरी’ हा शब्द कोशात सोयीचा असला तरी मराठी वाचक त्यावर माशाची शेपटी चिकटवल्याशिवाय राहत नाही, आणि अंडाइनला शेपटी नसते. ती हुबेहूब बाईसारखी दिसते. तिचे नाव लॅटिनमधल्या ‘उंडा’ म्हणजे लाट या शब्दावरून आले असून तो शब्द आणि आपला ‘उदक’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत. आपल्याकडची तिची खरी समांतर मूर्ती म्हणजे आसरा. विहिरीच्या काठी किंवा नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले असतात, त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि खण वाहतात, त्या साती आसरा. आणि ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’ या शब्दाचेच झिजलेले रूप आहे, ज्यातला ‘अप्’ म्हणजे पाणी. सगळ्याच अदृश्य शक्ती मेलेल्यांच्या नसतात, हे मराठी लोकपरंपरेतही किती ठाशीव आहे हे आसरांवरून दिसते. तरीही अंडाइनला आसरा म्हणू नये, कारण आसरा देवता आहे आणि अंडाइनला काही तरी मिळवायचे आहे. पॅरासेल्ससच्या सांगण्यानुसार तिने माणसाशी लग्न केले तर तिला आणि तिच्या मुलांना आत्मा लाभतो. नवऱ्याने पाण्याजवळ तिचा अपमान केला तर ती पाण्यात परत जाते, पण लग्न मात्र मोडत नाही. उर्वशी आणि पुरूरवा यांच्या कथेतही अट मोडताच अप्सरा निघून जाते, पण पुरूरव्याकडून उर्वशीला आत्मा मिळवायचा नसतो. उलट कथेच्या शेवटी तोच तिच्या लोकी पोहोचण्यासाठी गंधर्व होतो. दोन्ही कथांचा सांगाडा सारखा असला तरी ओढीची दिशा उलटी आहे.

सिल्फसाठी ‘परी’ हा मूळचा फारसी शब्द सुचवला आहे, त्याला आजच्या इंग्रजी वापराचा आधार आहे. नाजूक, सडपातळ, पंखांची सिल्फ ही अठराव्या शतकातल्या इंग्रजी कवितेने आणि पुढे १८३२ च्या पॅरिसमधल्या बॅलेने रुजवली. मुळात पॅरासेल्ससचे वायुजीव माणसांपेक्षा धिप्पाड आणि ओबडधोबड आहेत. ‘गंधर्व’ही सुचेल, परंतु मराठीत गंधर्व म्हटला की गाणे सुरू होते.

सॅलॅमँडर हा खरा उभयचर प्राणी आहे. त्याला पाल किंवा सरडा म्हणू नये. तो इतका थंड असतो की आग विझवतो, असे प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. ओलसर ओंडक्यात दडून बसलेला हा प्राणी लाकूड पेटताच बाहेर पडत असावा आणि त्यावरून ही समजूत निघाली असावी, असे सांगतात. भारतात तो दार्जिलिंगच्या बाजूस सापडतो, सह्याद्रीत नाही, त्यामुळे मराठीत त्याला घरगुती नाव नाही. ‘आग्या वेताळ’ हा शब्द मला फार आवडतो, पण वेताळ हा भुतांचा राजा, आणि रोजच्या बोलण्यात आग्या वेताळ म्हणजे तापट माणूस. दोन्ही अर्थ येथे आडवे येतात.

विक्काच्या विधीविषयी एक सूचना करावीशी वाटते. जेराल्ड गार्डनरने १९५० च्या दशकात इंग्लंडात लोकांपुढे आणलेल्या या पंथात वर्तुळ आखून चार दिशांना आवाहन करतात, तेव्हा सामान्यतः पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी मानली जाते. मराठी वाचकाला वायूची दिशा वायव्य आणि अग्नीची आग्नेय हे शब्दांतूनच ठाऊक असते. पश्चिमेचे पाणी तेवढे वरुणामुळे जुळते. म्हणून अनुवादकाला ‘दुरुस्ती’ करण्याचा मोह होईल, तो टाळावा. त्यांची मांडणी उत्तर गोलार्धातल्या सूर्याला धरून आहे, आणि ऑस्ट्रेलियातले अनेक विक्कापंथी याच कारणाने अग्नी उत्तरेला नेतात. आवाहनाच्या मजकुरात कोठे ‘देवा’ असा शब्द आला तर तो थिऑसॉफीच्या वाटेने तिकडे गेलेला आपलाच ‘देव’ आहे, पण त्यांच्याकडे तो झाडाझुडपांचा सांभाळ करणाऱ्या निसर्गशक्तीसाठी वापरतात. मराठीत परत आणताना तेथे ‘वनस्पतिदेवता’ असे लिहावे.