हाताखालची वर्षं

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. चोविशी उलटली, आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलचं, दार आता उघडेल असं वाटत नाही, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आणखी दोन-तीन हंगाम घालवायचे की आत्ताच कोचिंगच्या मागे लागायचं, असं तू विचारलं आहेस. या प्रश्नाला मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण शेवटी तू लिहिलंस, "मोठ्या खेळाडूंचं बरं असतं, ते थेट हेड कोच होतात." ते वाचून मी कागद घेऊन बसलो.

तू स्ट्रायकर आहेस, म्हणून एका स्ट्रायकरचंच सांगतो. आयर्लंडचा रॉबी कीन. तुला तो कोलकात्याच्या एटीके क्लबच्या जर्सीतला आठवत असेल. सदतीस वर्षांचा, दुखापतीमुळे हंगामात उशिरा उतरलेला. त्याच्या आधीची वीस वर्षं तुझ्या पिढीनं पाहिलेली नाहीत.

डब्लिनच्या टालामधला हा पोरगा. क्रमलिन युनायटेडमध्ये वाढला आणि इंग्लंडला वुल्व्ह्ज क्लबकडे गेला. ऑगस्ट 1997 मध्ये, सतराव्या वर्षी, नॉरिचविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यानं दोन गोल मारले. पुढच्या मार्चमध्ये तो आयर्लंडच्या मुख्य संघात होता. आयर्लंडसाठी तो 146 सामने खेळला आणि त्यात 68 गोल केले. गोलांच्या बाबतीत त्याच्या देशातला दुसरा कुणीही त्याच्या जवळपास नाही. उंची बेताची, वेगही डोळे दिपवणारा नाही. मग एवढे गोल आले कुठून?

2002 च्या वर्ल्ड कपमधला जर्मनीविरुद्धचा त्याचा गोल शोधून बघ. जपानमधलं इबाराकी, 5 जूनचा सामना. जर्मनी एका गोलनं पुढे आणि इंज्युरी टाइम सुरू झालेला. स्टीव्ह फिनननं मागून लांब चेंडू टाकला, नायल क्विननं तो डोक्यानं खाली सोडला आणि कीननं जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कानला चकवून जाळ्यात मारला. त्या स्पर्धेत फायनलपर्यंत जर्मनीवर झालेला हा एकमेव गोल. सगळे तो फटका बघतात, नंतरची कोलांटी बघतात. तू कीनचे पाय बघ. क्विनचं डोकं चेंडूला लागायच्या आधीच तो निघालेला असतो. चेंडू कुठे पडणार याचा अंदाज त्यानं क्विनच्या उडीवरून बांधलेला असतो. लंडनच्या टॉटनहॅम क्लबमध्ये दुसरा स्ट्रायकर बर्बाटोव याच्याबरोबर त्याचं जमलं ते याच नजरेमुळे. 2007-08 च्या हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून दोघांनी प्रत्येकी 23 गोल केले. शेजारचा काय करणार हे कीनला आधी कळायचं.

ही नजर असलेल्या खेळाडूला कोचिंग सोपं जावं असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव उलट आहे. ज्याला एखादी गोष्ट न शिकता येते, त्याला ती दुसऱ्याला फोडून सांगता येत नाही. तूच आठव. गेल्या हंगामात धाकट्या पोरांना तू "अरे, तिथं पळायचं" म्हणून ओरडत होतास. तिथं म्हणजे कुठं आणि कधी, हे त्यांना कुणी सांगायचं?

आता कोलकात्याकडे ये. 2017-18 मध्ये एटीके गतविजेता संघ होता आणि तरी त्याची घसरण चालली होती. जानेवारीत कोच टेडी शेरिंगहॅमला काढलं. शेरिंगहॅम आणि कीन पूर्वी टॉटनहॅममध्ये एकत्र खेळलेले. मध्ये काही आठवडे अ‍ॅशली वेस्टवूडनं संघ सांभाळला आणि मार्चच्या सुरुवातीला कीनलाच खेळाडू-कोच केलं. नॉर्थईस्टविरुद्धचा शेवटचा लीग सामना एटीकेनं 1-0 नं जिंकला, गोल कीनचाच. संघ दहांत नववा आला. तू म्हणतोस तसा थेट हेड कोच तो तिथं झाला होता, आपल्याच देशात. पण ती डळमळलेल्या संघाची उरलीसुरली डागडुजी होती. त्यानंतर हेड कोच म्हणून तो पुन्हा उभा राहिला तो 2023 च्या उन्हाळ्यात.

मधल्या पाच वर्षांत त्यानं काय केलं, ते तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

नोव्हेंबर 2018 मध्ये त्यानं बूट काढले आणि आयर्लंडच्या संघात मिक मॅकार्थीचा सहायक झाला. याच मॅकार्थीनं त्याला सतराव्या वर्षी देशाची जर्सी दिली होती. पुढच्या वर्षी त्या कामाच्या जोडीनं मिडल्सब्रो क्लबमध्ये जोनाथन वुडगेटचा सहायक. वुडगेट त्याचा जुना सहकारी, लीड्समध्येही आणि टॉटनहॅममध्येही त्याच्याबरोबर खेळलेला. आयर्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आपल्याच बरोबरीच्या माणसाच्या मागे उभा राहून सरावाचे शंकू मांडत होता. 2020 मध्ये दोन्हीकडचं संपलं. वुडगेटला काढलं आणि आयर्लंडच्या नव्या कोचनं आपली माणसं आणली, त्यात कीन नव्हता. मग जवळजवळ तीन वर्षं डगआउट, म्हणजे मैदानाकडेचा कोचचा बाक, नाही.

त्या तीन वर्षांवर जरा थांब. एवढं नाव असलेला माणूस मैदानापासून लांब होता. नावामुळे दार उघडतं म्हणतात, ते खोटं नाही, पण उघडलेलं दार पुन्हा लागतंसुद्धा. आणि परत आला तो कुठे? मे 2023 मध्ये लीड्सला, सॅम अ‍ॅलर्डाइसच्या हाताखाली. चार सामने उरलेले आणि संघ प्रीमियर लीगमधून खाली जाण्याच्या बेतात. चार सामन्यांत एकच गुण आला. शेवटचा सामना टॉटनहॅमविरुद्ध होता, तोही 4-1 नं गेला आणि लीड्स खाली गेलं. ज्या टॉटनहॅमसाठी त्यानं शंभरावर गोल केले, त्याच क्लबकडून. असं बुडतं काम मोठ्या नावाची माणसं सहसा घेत नाहीत. त्यानं घेतलं, याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

महिनाभरात इस्रायलच्या मकाबी तेल अवीव क्लबनं त्याला हेड कोच केलं. ऑक्टोबरात गाझाचं युद्ध पेटलं. पुढे संघाला युरोपातले घरचे सामने सर्बियातल्या बाच्का टोपोला गावात खेळावे लागले. तो मकाबीबरोबर राहिला म्हणून आयर्लंडमध्ये त्याच्यावर कडक टीका झाली. ती टीका मला गैर वाटत नाही. क्लबची जर्सी घेतली की त्या क्लबचं गाव आणि त्या देशाचं राजकारण आपल्या अंगावर येतं, कोचच्या तर जास्तच. उद्या कुणी संस्थाचालक किंवा पुढारी तुला संघ देऊ करेल, तेव्हा पैसा कुणाचा आणि कशासाठी हे आधी विचार. माझ्या पिढीनं ते पुरेसं विचारलं नाही.

मैदानावर त्यानं मकाबीला लीग जिंकून दिली. पण मला त्याच्या विजेतेपदापेक्षा एक पराभव जास्त शिकवतो. मार्च 2024, युरोपातल्या कॉन्फरन्स लीगची शेवटच्या सोळा संघांची फेरी. मकाबीनं ऑलिंपियाकोसला त्यांच्याच मैदानावर 4-1 नं हरवलं. आठवड्यानं बाच्का टोपोलामध्ये तीच टीम जादा वेळेत 6-1 नं हरली. तीन गोलांची आघाडी हातात होती. ऑलिंपियाकोसनं पुढे ती स्पर्धाच जिंकली, तेव्हा समोरचा संघ कच्चा नव्हता, हे खरं. तरी अशा वेळी कोचच्या हातात काय उरतं? स्ट्रायकर असताना कीनला एक संधी पुरायची, नव्वद मिनिटं काही झालं नाही तरी ब्याण्णवाव्याला गोल मारून तो मोकळा व्हायचा. कोचला धावता येत नाही. बदली खेळाडू, दोन सूचना आणि स्वतःचा चेहरा, एवढंच त्याच्याजवळ असतं. तो चेहरा अकरा जण बघत असतात. सहायक असताना हे डोळ्यांसमोर घडताना दिसतं आणि निकालाचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर असतं. म्हणून ती वर्षं लागतात.

हंगाम संपल्यावर त्यानं मकाबी सोडलं. जानेवारी 2025 मध्ये तो बुडापेस्टला फेरेन्त्सवारोश क्लबला गेला आणि मे महिन्यात त्या क्लबनं हंगेरीची लीग सलग सातव्यांदा जिंकली.

एक गोष्ट अजून. कीननं क्लब फार बदलले. इंग्लंडमधले लोक चेष्टा करत की हा जिथं जाईल तो क्लब याचा लहानपणीचा आवडता निघतो. इंटर मिलाननं 2000 साली त्याला 1.3 कोटी पौंडांना घेतलं, त्याला आणणाऱ्या मार्चेलो लिप्पीला लीगच्या पहिल्याच सामन्यानंतर काढलं आणि कीनला लीगमध्ये सहा सामने मिळाले. लिव्हरपूलमध्ये सहा महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. पण या भटकंतीत तो कुणाकुणाच्या हाताखाली खेळला ते बघ. स्ट्रॅकन, लिप्पी, ओ'लिअरी, हॉडल, मार्टिन योल, बेनितेझ, लॉस एंजेलिसमध्ये ब्रूस अरीना, आयर्लंडकडून त्रापातोनी आणि मार्टिन ओ'नील. एकाच्या हाताखाली त्याला अमेरिकेच्या लीगचे तीन एमएलएस कप मिळाले, दुसऱ्याच्या हाताखाली बाकावर बसावं लागलं. बाकावर बसलेल्या खेळाडूशी कोच कसा बोलतो, हे ज्यानं बाकावरून ऐकलं आहे त्यालाच नीट कळतं.

तूही तालमीच्या फुटबॉल संघात, कॉलेजात, जिल्ह्याच्या संघात निरनिराळ्या लोकांच्या हाताखाली खेळलास. एक वही कर. प्रत्येकाच्या नावाखाली लिही: हरल्यावर तो काय म्हणाला, मला वगळलं तेव्हा कसं सांगितलं, सरावात मी काय नव्यानं शिकलो. ज्यांच्यावर तुझा राग आहे त्यांच्याबद्दल आधी लिही, तिथं जास्त सापडेल.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खेळणं सोडू नकोस. चोविसाव्या वर्षी शरीर साथ देतंय तोवर खेळ, आणि खेळता खेळताच कोचिंगचं सुरुवातीचं डी लायसन्स कर. दोन्ही एकत्र जमतं. आत्ता स्वतःचा संघ मागू नकोस. तुमच्या तालमीत तेरा वर्षांखालच्या पोरांना जे शिकवतात, त्यांना जाऊन विचार की मी तुमच्या हाताखाली येऊ का. पहिलं वर्षभर शंकू लावायचे, चेंडू मोजून आणायचे आणि कोण पोरगं गप्प झालंय ते बघायचं. पोरांना कीनचा तो गोल दाखव आणि तो नेमका कधी निघाला ते त्यांच्याकडूनच काढून घे. त्यांना सांगता आलं की तुलाही सांगता येतंय असं समज.

डी लायसन्सचा पुढचा कोर्स कधी आहे ते वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे चौकशी करून मला कळव. शिफारसपत्र लागलं तर लगेच देतो. त्या तेरा वर्षांखालच्या संघाच्या सरांशी बोलायला मात्र तू एकटाच जा, माझी चिठ्ठी घेऊन जाऊ नकोस.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सर