कॉमेट की टियागो? आधी पार्किंगमधला प्लग

प्रश्न : कोथरूडला राहतो. घरात मी, पत्नी आणि 78 वर्षांची आई. फिरणं डेक्कन, मंडई, कधी हडपसर. दोन-तीन महिन्यांतून साताऱ्याला. गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. एमजी कॉमेट की टाटा टियागो ईव्ही? सोसायटीत चार्जिंग पॉइंट नाही, पहिल्या मजल्यावरून वायर सोडली तर चालेल का?

उत्तर : वायर कृपया सोडू नका. सोसायट्यांमध्ये चार्जिंगची जोडणी करून देणं हेच माझं काम आहे आणि एक्स्टेन्शनवर काळवंडलेले प्लग मी कितीतरी पाहिलेत. 3.3 किलोवॉटचा चार्जर सलग सहा-सात तास जवळपास 14 अँपिअर ओढतो. गिझरसारखा अर्ध्या तासात बंद होत नाही. मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासून घेतलेलं अर्थिंग हवंच. सोसायटीकडे आजच लेखी अर्ज द्या. गाडीचं बुकिंग त्यानंतर.

आता गाडी. कॉमेट जेमतेम तीन मीटर लांब, टियागो पावणेचार. तुमच्या गल्लीत हा फरक रोज जाणवेल, आणि एकट्यादुकट्यासाठी मी डोळे मिटून कॉमेट सुचवते. पण तिला दारं दोनच. तुम्ही तिघं निघालात की पुढची सीट वाकवून आधी पत्नीनं मागे शिरायचं, मग सीट सरळ करून आईंनी बसायचं. मंडईजवळ मागे रिक्षावाले हॉर्न देत असताना हे करून बघा! शिवाय मागे माणूस बसला की डिकी जवळपास उरतच नाही.

शहरापुरती कॉमेटची 17.3 युनिटची बॅटरी भरपूर आहे. सातारा मात्र एका बाजूनं 110 किलोमीटरच्या आसपास, वाटेत खंबाटकी घाट. कागदावरचे 230 किलोमीटर हायवेच्या वेगात आणि एसीत मिळत नाहीत, आणि हायवेवरचा डीसी फास्ट चार्जर तिला चालत नाही. म्हणजे मुक्काम आणि गावच्या घरी नीट अर्थिंग असलेला 15 अँपिअरचा प्लग आलाच. टियागोला हायवेवरचा फास्ट चार्जर चालतो.

तुमच्या घरासाठी माझं मत टियागो, तीही 24 युनिटच्या बॅटरीची. शोरूमला जाताना आईंना सोबत न्या. त्यांना दोन्ही गाड्यांत बसू-उतरू द्या, मगच पैसे भरा.