केवायसीचा फोन : खरा की थाप?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. ‘केवायसी संपलंय, आज रात्री खातं बंद होईल’ असा फोन आला, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइलही आली. खरं मानायचं का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर उघडू नका, पुसून टाका. ते अ‍ॅप असतं. फोनमध्ये बसलं, परवानग्या मिळाल्या, की ओटीपीचे मेसेज परस्पर पलीकडे जातात. ‘मी कुणाला ओटीपी सांगितलाच नाही’ म्हणणाऱ्यांचेही पैसे जातात ते असे.

केवायसी, म्हणजे बँकेकडची आपली ओळख-पत्त्याची नोंद, अधूनमधून ताजी करावी लागते हे खरंच, म्हणून तर थाप पटते. पण बँकेने कमी जोखमीचं ठरवलेल्या खात्याला मुदत १० वर्षांची असते आणि ती संपण्याआधी बँकेने किमान तीनदा कळवायचं असतं, त्यात एकदा पत्राने. माहिती बदललेली नसेल तर स्वयंघोषणापत्र पुरतं. शाखेत देऊन तारखेची पोच घ्या.

फाइल उघडली गेलीच असेल? आधी नेट बंद. मग दुसऱ्या फोनवरून, पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवून व्यवहार थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.