एक डिश, सहा खोल्या आणि वाहिनीच्या वकिलांचं पत्र

प्रश्न : मालवणजवळ गेल्या हंगामात सहा खोल्यांचा होमस्टे सुरू केला. टीव्हीसाठी दोन घरगुती डीटीएच कनेक्शन घेतली, एक माझ्या नावावर, एक भावाच्या. टेक्निशियननं त्यांचीच वायर सगळ्या खोल्यांत फिरवली. जेवणाच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला त्यानं वायफायवर चालणारा ‘सर्व्हरवाला’ बॉक्स लावून दिला. वर्षाला १,८०० रुपये, ते त्याच्याच नंबरवर यूपीआयनं. शेजारच्या काकूंच्या दोन भाड्याच्या खोल्यांनाही वायर दिली आहे, त्या महिन्याला ३०० रुपये देतात. आता एका वाहिनीच्या वकिलांचं पत्र आलंय : सात दिवसांत दोन लाख भरा, नाहीतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा. सोबत आमच्या टीव्हीचे फोटो आहेत. पोलीस ठाण्यातूनही ‘एकदा येऊन जा’ असा फोन आला. अटक होईल का? पैसे भरून मोकळा होऊ का? की सगळे बॉक्स काढून फेकून देऊ?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात तुम्ही स्वतःचं सर्वांत जास्त नुकसान करून घ्याल. बॉक्स फेकू नका. चौकशी सुरू असताना वस्तू नाहीशा करणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, आणि तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. आजच सगळं बंद करा. प्रत्येक बॉक्सच्या तळाचा अनुक्रमांक आणि कार्ड क्रमांक दिसेल असा फोटो काढा आणि बॉक्स एका खोक्यात घालून कपाटात ठेवा. काकूंची वायर तर हे वाचून झाल्याबरोबर तोडा. का, ते पुढे येईलच.

तुमच्याकडे ‘टीव्हीचं एक प्रकरण’ नाही, तीन आहेत, आणि तिन्हींचं वजन वेगवेगळं आहे. पत्र लिहिणाऱ्या वकिलांनी ती मुद्दाम एकत्र बांधली आहेत. तुम्ही ती सोडवून वेगळी मांडायची.

पहिलं, घरगुती कनेक्शन सहा खोल्यांत. तुम्ही कंपनीला दरमहा पैसे भरत होता, त्यामुळे याला चोरी म्हणणं अवघड आहे. पण कनेक्शन घेताना सही केलेला फॉर्म काढून वाचा. घरगुती वापर, ठरलेला पत्ता, पुढे कुणाला वितरण नाही, या अटी त्यात असतातच. ही झाली कराराची बाजू. खरी अडचण कॉपीराइट कायद्याच्या कलम २(एफएफ) मध्ये आहे. एकाहून जास्त घरांना किंवा राहण्याच्या जागांना उपग्रह, केबल किंवा तशाच मार्गानं एकाच वेळी कार्यक्रम पोहोचवणं म्हणजे ‘लोकांना दाखवणं’, असं तिथल्या स्पष्टीकरणात म्हटलंय, आणि त्यात हॉटेल आणि वसतिगृहाच्या खोल्यांचा उल्लेख शब्दशः आहे. ‘पाहुणा खोलीत एकटा बघतो, ते खासगीच झालं’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं तर १९८९ मध्येच, गरवारे प्लास्टिक विरुद्ध टेलिलिंक या निकालात, केबलनं घरोघरी दाखवलेले चित्रपट खासगी प्रदर्शन ठरत नाहीत असं म्हटलं होतं.

कलम ३७ खाली वाहिनीला स्वतःच्या प्रसारणावर २५ वर्षांचा वेगळा हक्क आहे. मोबदला घेऊन ते प्रसारण लोकांना दाखवलं तर तो मोडतो. खोलीच्या भाड्यात टीव्हीचा मोबदला धरायचा का, यावर तुमचा वकील नक्की भांडू शकतो. मात्र बुकिंगच्या साइटवर तुम्ही ‘सर्व खोल्यांत डीटीएच, क्रिकेटचे सामने मोठ्या पडद्यावर’ असं लिहिलं असेल तर त्या भांडणातला जीव गेला. ती जाहिरात आधी बघा. बदलायची असेल तर बदला, पण जुन्या पानाची प्रत ठेवा. समोरच्यानं ती आधीच काढून ठेवलेली असते.

दुसरं, तो सर्व्हरवाला बॉक्स. या धंद्यात नव्यानं उतरलेल्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाहिनीचं चित्र उपग्रहावरून कुलूपबंद येतं. कुलपाची किल्ली म्हणजे एक छोटा आकडा, आणि तो दर काही सेकंदांनी बदलतो. तुमच्या अधिकृत बॉक्समधलं कार्ड तो आकडा दर वेळी उलगडून देतं. सर्व्हरच्या धंद्यात कुठेतरी एक खरं कार्ड बसवलेलं असतं, आणि त्यातून निघणारे आकडे इंटरनेटवरून शेकडो बॉक्सना विकले जातात. वायफाय गेलं की चित्र गोठतं, ते यामुळेच. टेक्निशियन सांगतो, ‘साहेब, हा फ्री टू एअर बॉक्स आहे, कायदेशीर आहे.’ फ्री टू एअर म्हणजे वर्गणी न भरता दिसणाऱ्या वाहिन्यांचा. नुसता बॉक्स कायदेशीर असेलही. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून कुणीही साध्या बॉक्सवर फुकट बघाव्यात, त्यात काडीचाही गुन्हा नाही. पण पैसे भरून बघायच्या वाहिन्या त्याच बॉक्सवर वायफाय जोडल्यावर दिसू लागल्या की तो फ्री टू एअर राहत नाही. इथे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५ए लागू होतं : हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक कुलूप चुकवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फिर्यादीत जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ लावलेलंही बऱ्याचदा दिसतं.

तुमच्या बाजूनं म्हणण्यासारखं आहे ते असं : कुलूप चुकवलं सर्व्हर चालवणाऱ्यानं, तुम्ही तयार सेवा विकत घेतली आणि तिचं स्वरूप तुम्हाला माहीत नव्हतं. मुद्दा चांगला आहे. पण बिल नाही, जीएसटी नाही, पैसे एका माणसाच्या खासगी नंबरवर आणि बाजारात महिन्याला जेवढे लागतात तेवढ्यात वर्षभर सगळ्या वाहिन्या, हे चित्र न्यायाधीशांपुढे गेल्यावर ‘माहीत नव्हतं’ म्हणणं जड जातं. म्हणून टेक्निशियनशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं सगळं संभाषण आणि यूपीआयच्या नोंदी आत्ताच उतरवून ठेवा, विशेषतः त्यानं ‘कायदेशीर आहे’ म्हटलेला मेसेज. त्याला आता फोन करून भांडू नका, तो तिकडून आधी सगळं पुसून टाकेल. अशा प्रकरणात पोलिसांना खरा रस विकणाऱ्यात असतो. महाराष्ट्रात तर सराईतांना स्थानबद्ध करायच्या, ‘एमपीडीए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९८१ च्या कायद्याच्या नावातच झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला ‘व्हिडिओ पायरट’ बसवलेला आहे. तुम्ही त्या पंगतीत बसत नाही, पण सर्व्हर चालवणारा सराईत बसू शकतो. चौकशीत तुमची जागा आरोपीपेक्षा साक्षीदाराच्या जवळ आणायची असेल तर या नोंदीच कामाला येतील.

तिसरं, काकूंची वायर. रक्कम सर्वांत छोटी, पण रूप सर्वांत वाईट. स्वतःच्या आवाराबाहेर वायर टाकून महिन्याचे पैसे घेणं म्हणजे केबल चालवणं, आणि केबल टेलिव्हिजन नेटवर्क अधिनियम १९९५ च्या कलम ३ प्रमाणे त्याला नोंदणी लागते. या कायद्यातली कैदेची शिक्षा २०२३ च्या जन विश्वास कायद्यानं गेली, आता ताकीद आणि दंडावर भागतं. तरी कलम ११ खाली साहित्य जप्त होऊ शकतं. शिवाय कॉपीराइटच्या खटल्यात ‘मोबदला घेऊन’ हा शब्द सिद्ध करायला काकूंचे ३०० रुपये पुरतात. त्यांना आजच साधा मेसेज पाठवा : अमुक तारखेपासून वायर बंद केली आहे, पुढचे पैसे देऊ नका.

आता पत्रासोबतचे फोटो भिंगातून बघा. पडद्यावर मधेच किंवा कोपऱ्यात बारीक आकडा दिसतोय का? अधिकृत बॉक्सवर कंपनी हवं तेव्हा काही सेकंदांसाठी त्या कार्डाचा किंवा बॉक्सचा क्रमांक उमटवू शकते. पाहुणा म्हणून राहायला आलेला वाहिनीचा तपासनीस नेमकं तेवढंच टिपतो. तो आकडा तुम्ही लिहून ठेवलेल्या क्रमांकांशी ताडून बघा. भावाच्या कार्डाचा निघाला तर त्यालाही वकील लागेल. हॉलमधल्या टीव्हीच्या फोटोत आकडाच नसेल तर खूश होऊ नका. सर्व्हरच्या बॉक्सवर तो बहुधा उमटत नाही, आणि इतर अधिकृत बॉक्सवर उमटत असताना तिथे न उमटणं हीच तपासनिसाच्या दृष्टीनं खूण असते. व्हिडिओ असेल तर तो कोर्टात आणताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. (दोन्ही कायद्यांत ६३, गोंधळू नका.) जुन्या कायद्यातल्या याच प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्की केली, तीही आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल.

अटकेबद्दल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ची शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं, आणि ५० हजार ते दोन लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात ठरवलं. ऐकून धडकी भरते, पण अजामीनपात्र म्हणजे लगेच अटक असं नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये हे सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालानं २०१४ मध्येच सांगितलंय. पोलिसांनी आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते, आणि ती पाळणाऱ्याला कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ‘येऊन जा’ हा फोन म्हणजे नोटीस नव्हे, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीसही चालत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. तरी ठाण्याला टाळू नका. नम्रपणे लेखी नोटीस मागा, मिळाली की वकिलाला घेऊन ठरल्या वेळी जा. गुन्हा नोंद झाला, किंवा होणार याची ठोस चाहूल लागली, तर ओरोसच्या सत्र न्यायालयात याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा.

जप्तीला कोण येतो तेही बघा. वाहिनीच्या माणसाला तुमच्या भिंतीवरचा स्क्रूसुद्धा काढायचा अधिकार नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे जप्ती करतो तो किमान उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी. झडती आणि जप्तीचं चित्रण करणं आता बंधनकारक आहे. पंचनाम्यात प्रत्येक बॉक्सचा अनुक्रमांक आल्याशिवाय सही करू नका. टीव्ही संच उचलले तर ते परत मिळवायला कलम ६४(२) खाली दंडाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अर्ज करता येतो. हंगाम तोंडावर असताना ही मुदत चुकवू नका.

दोन लाखांचं काय? वाहिनीला एवढे द्या असं कुठल्याही कायद्यात नाही, कलम ६३ मधले दोन लाख ही दंडाची कमाल मर्यादा आहे. दंड कोर्ट ठरवतं आणि तो सरकारजमा होतो. नुकसानभरपाई दिवाणी दाव्यात ठरते. पत्रातली रक्कम म्हणजे त्यांची बोलीची सुरुवात आहे, आणि घासाघीस होते. पण त्याआधी मुदतीच्या आत, स्पीड पोस्टनं, वकिलामार्फत उत्तर जायला हवं. त्यात काहीही कबूल न करता एवढंच : अमुक तारखेला वापर बंद केला, कोणत्या वाहिन्या, कोणत्या तारखा, ते कळवा, वाहिनीचं अधिकारपत्र आणि संपूर्ण चित्रण पाठवा, व्यावसायिक कनेक्शन घ्यायची तयारी आहे. ‘चूक झाली, माफ करा’ असं लिहू नका आणि ‘आमच्याकडे टीव्हीच नाही’ असंही नाही. एक लक्षात घ्या : कलम ६३ ‘जाणूनबुजून’ केलेल्या भंगाला लागतं, आणि पत्र हातात पडल्यापासून तुम्ही अजाण राहिला नाहीत. त्यानंतर एक सामना जरी दाखवलात तरी तुमचा सगळ्यात चांगला बचाव गेला.

तडजोड झालीच तर ती मुद्रांकावर लेखी करा, पैसे फक्त वाहिनीच्या कंपनी खात्यात भरा, तपासनिसाच्या हातात एक रुपयाही नको. त्यात मागचे सगळे दावे संपल्याचं, तुमचं आणि भावाचं नाव घालून, नमूद करून घ्या. आणखी एक अट विसरतात ती अशी : गुन्हा आधीच नोंदला गेला असेल तर कंपनीला तो मागे घेता येत नाही. उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली तो रद्द करून घ्यावा लागतो आणि त्याला कंपनीची ना हरकत लागते. ती देण्याचं बंधन करारातच घाला. सिंधुदुर्गासाठी ते काम ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे होतं, तेवढी मुंबईची फेरी वाचली.

पुढच्या हंगामाचं म्हणाल तर दोन रस्ते आहेत. डीटीएच कंपनीकडून किंवा नोंदणीकृत केबलवाल्याकडून हॉटेलसाठीचं व्यावसायिक कनेक्शन घ्या. करारात खोल्यांची संख्या, होमस्टेचा पत्ता आणि हॉलमधला टीव्ही वेगळा लिहून घ्या आणि बिल व्यवसायाच्या नावानं असू द्या. दुसरा, स्वस्तातला रस्ता म्हणजे प्रत्येक खोलीत वेगळा फ्री डिशचा बॉक्स. आठ आउटपुटचा एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) घेतला तर एका डिशवर सहा खोल्या होतात, फक्त प्रत्येक बॉक्सला डिशपासून स्वतःची वायर टाकावी लागते, मधे एका वायरीला फाटे फोडणारा स्प्लिटर चालत नाही. २(एफएफ) ची व्याख्या कागदावर तिथेही लागू शकते, पण वर्गणीच नसलेल्या वाहिन्यांसाठी कुणी तुमच्या मागे लागण्याची शक्यता फार कमी. हॉलमध्ये गाणी लावत असाल तर त्याचा परवाना वेगळा, तो टीव्हीच्या बिलात येत नाही. आणि ओटीटीचं खातं टीव्हीला जोडून सामने दाखवायचा विचार असेल तर त्याच्या अटी आधी वाचा. तेही वैयक्तिक वापरासाठीच दिलेलं असतं.