वाचक विचारतात : माळकऱ्याच्या बागेत डायोनिससची पाटी

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात पाच एकर बाग आहे, त्यातली दोन एकर वाइनच्या द्राक्षांची. भावाने बागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्यात आणि त्यांना 'डायोनिसस' नाव द्यायचं म्हणतोय. वडील माळकरी, ते म्हणतात दारूड्या देवाचं नाव आपल्या दारात नको. भाऊ म्हणतो तो एन्जॉयमेंटचा देव आहे, त्यात काय. खरं काय?
– एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : दादा, माळ घातलेल्या माणसाने वाइनची द्राक्षं पिकवायची आणि गाडी वायनरीच्या काट्यावर गेली की आपला संबंध संपला म्हणायचं, हे आपल्याकडे काय नवीन नाही, त्यामुळे वडिलांबद्दल मी गप्प बसतो. भावाचं मात्र साफ चुकतंय. एन्जॉयमेंटचा देव तो पाटी रंगवणाऱ्यांनी केलाय. ग्रीक गोष्टींमधला हा वाइनचा देव डायोनिसस म्हणजे आईविना वाढलेला, गावोगाव हाकलला गेलेला, आणि ज्याने हाकललं त्याचं पार वाटोळं करणारा देव.

जन्मापासूनच बघा ना. थीब्जचा राजा कॅडमस, त्याची मुलगी सेमेली. देवांचा राजा झ्यूस तिच्यावर भाळला, तिला दिवस गेले, आणि झ्यूसच्या बायकोला, हेराला, ते कळलं. हेरा म्हाताऱ्या दाईचं रूप घेऊन आली आणि सेमेलीच्या कानात सोडून गेली की अगं तो खरंच झ्यूस कशावरून, त्याला म्हण खऱ्या रूपात ये. सेमेलीने आधी वचन घेतलं, मग मागणं मागितलं (आपल्या कैकेयीसारखं, फक्त इथे जीव मागणारीचाच गेला). झ्यूस विजेसकट आला, ती जागीच जळाली. पोटातलं सहा महिन्यांचं बाळ त्याने उचललं, स्वतःच्या मांडीत शिवून टाकलं आणि दिवस भरल्यावर टाके उसवून बाहेर काढलं. वडिलांना हे फारच विचित्र वाटलं तर महाभारतातल्या और्व ऋषींची आठवण करून द्या, तेही आईच्या मांडीतूनच जन्मले.

म्हणून हा दोनदा जन्मलेला देव, आपल्या भाषेत द्विज. आता हे माझं आपलं जुळवणं आहे, पण एप्रिलात खरड छाटणी करून अख्खी बाग बोडकी करायची, ओलांडे (वेलीच्या जाड आडव्या फांद्या) तेवढे ठेवायचे, आणि नवीन काड्या तयार झाल्या की ऑक्टोबरला परत कात्री घेऊन त्याच काड्यांवर घड धरायचे, हे ज्याने जन्मभर केलंय त्याला दोनदा जन्मण्याची गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

हेराने पुढेही पिच्छा सोडला नाही. पोराला मावशीकडे मुलीच्या वेषात लपवलं तर तिने मावशी आणि तिच्या नवऱ्यालाच वेड लावलं, मग झ्यूसने त्याला बकरीचं पिल्लू करून नायसा नावाच्या ठिकाणी वनदेवींकडे पाठवलं. मोठा होऊन द्राक्षवेल शोधून काढली तर हेराने त्यालाच वेड लावलं, इजिप्त, सीरिया असा भटकत तो फ्रिजियाला पोचला आणि तिथल्या देवमातेने बरा केला. तिथून पुढे वेल घेऊन गावोगाव. थ्रेसच्या लायकर्गस राजाने त्याला हुसकावून लावलं. शिक्षा काय, तर राजाला वेड लागलं आणि आपण द्राक्षवेल छाटतोय असं समजून त्याने कुऱ्हाडीने स्वतःच्या मुलाचे हातपाय तोडले. त्यानंतर जमिनीला पीक येईना, शेवटी त्याच्याच लोकांनी त्याला बांधून डोंगरावर घोड्यांपुढे टाकलं. मला तर सगळ्या ग्रीक कथांत ही सर्वात भयंकर वाटते.

छाटणीवरून एक हलकीफुलकी पण आहे. नॉप्लिया नावाच्या गावात म्हणे एका गाढवाने वेलीचे शेंडे खाल्ले आणि पुढच्या हंगामात त्याच वेलीला जास्त द्राक्षं लागली, तेव्हा लोकांना छाटणी कळली, आणि त्यांनी कृतज्ञता म्हणून खडकात गाढव कोरलं. पॉसेनिअस नावाचा प्रवासी इ.स.च्या दुसऱ्या शतकात हे लिहून गेलाय. प्रत्येक एकराला छाटणीची मजुरी मोजणाऱ्यांनी त्या गाढवाचा फोटो लावायला हरकत नाही.

आणि वडिलांच्या मुद्द्याचं उत्तर इकारियसच्या गोष्टीत आहे. अथेन्सजवळचा हा साधा शेतकरी, त्याने देवाला घरी ठेवून घेतलं म्हणून देवाने त्याला वेल दिली, वाइन करायला शिकवलं. त्याने हौसेने धनगरांना पाजली. त्यांनी पाणी न घालता ढोसली, डोकं गरगरायला लागलं, वाटलं याने विष घातलं, आणि इकारियसला तिथेच ठार केलं. सकाळी उतरल्यावर कळलं काय झालं ते. मुलगी एरिगोनी कुत्रीला घेऊन बापाला शोधत फिरली, प्रेत सापडलं आणि तिने गळफास घेतला. ग्रीक लोक वाइन पाणी घालूनच प्यायचे, हेसिओड नावाचा त्यांचा जुना कवी तर तीन भाग पाण्याला एक भाग वाइन सांगतो, नुसती पिणारा म्हणजे रानटी. तेव्हा दारूची ही गोष्ट ग्रीकांनी स्वतःच सांगून ठेवलीय, आणि ती काही दारूची जाहिरात नाही.

माझं मत विचाराल तर नाव द्या, पण पाटीवर तो ढेरपोट्या दारूडा काढू नका, तो सायलिनस, डायोनिससचा म्हातारा मास्तर. चित्र काढायचंच तर एक्सेकियास या ग्रीक कुंभार-चित्रकाराच्या प्यालीवरचं काढा, इ.स.पू. ५३० च्या आसपासची प्याली आहे, आता म्युनिकच्या म्युझियममध्ये. त्यात देव गलबतात आरामात रेललाय, डोलकाठीला वेल चढलीय, सात घड लटकतायत, भोवती सात डॉल्फिन. गोष्ट अशी की चाच्यांनी त्याला राजपुत्र समजून खंडणीसाठी पळवला, तर दोर आपोआप गळून पडले, शिडावर वेल पसरली, देवाचा सिंह झाला, घाबरून सगळ्यांनी समुद्रात उड्या टाकल्या आणि त्यांचे डॉल्फिन झाले. वाचला एकटा सुकाणूवाला, कारण तो पहिल्यापासून सांगत होता की अरे हा देव दिसतोय, सोडा याला. बाकी घरच्यांना ही गोष्ट नक्की आवडेल, वडिलांची गॅरंटी देत नाही.

प्रश्न : आमचा हौशी ग्रुप आहे, कालिदास कलामंदिरला प्रयोग केलेत. नाटकाचा देव डायोनिसस असं वाचलं. वाइनचा आणि नाटकाचा काय संबंध?
– एक रंगकर्मी, गंगापूर रोड

उत्तर : ताई, तिसऱ्या घंटेआधी तुम्ही नटराजाला नारळ फोडता ना, अथेन्समध्ये तर देवाची मूर्तीच थेटरात आणून ठेवायचे. ॲक्रोपोलिसच्या उतारावरचं थेटर त्याच्याच नावाचं, आणि पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची त्याच्या पुजाऱ्याची, ती संगमरवरी खुर्ची अजून आहे. वसंतातल्या त्याच्या उत्सवात तीन नाटककार प्रत्येकी तीन शोकांतिका आणि एक चावट नाटक घेऊन उतरायचे, वर परीक्षक, नंबर, रुसवेफुगवे, म्हणजे आपली राज्य नाट्य स्पर्धाच म्हणा. संबंध असा की दोन्हीत माणूस थोडा वेळ स्वतःच्या बाहेर जातो, मुखवटा चढवून नाहीतर प्याला चढवून. त्याच्यावरचं सगळ्यात मोठं नाटक युरिपिडीसचं, 'बाकाय'. लेखक आधीच वारला होता, इ.स.पू. ४०५ ला प्रयोग झाला आणि पहिला नंबर आला. त्यात थीब्जचा तरुण राजा पेंथियस, म्हणजे डायोनिससचा मावसभाऊच, देवाला मानत नाही आणि डोंगरात नाचणाऱ्या बायकांना बघायला झाडावर चढून बसतो. अंगात आलेल्या त्या बायकांत त्याची आई असते, तिला तो सिंह वाटतो, ती त्याला फाडते आणि मुंडकं मिरवत गावात येते. शेवटी तिचा म्हातारा बाप तिला आधी आकाशाकडे बघ म्हणतो, मग हळूहळू, हातात काय आहे ते बघ. हा सीन कराल तर लाइट कमी ठेवा आणि म्युझिक अजिबात लावू नका.

प्रश्न : डायोनिसस भारतात आला होता म्हणतात. नाशिकला पण?
– कॉलेजचा विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : नाही रे बाबा, त्याच्या गोष्टी पंजाबाच्या अलीकडेपलीकडेच फिरतात. अलेक्झांडर काबूल आणि सिंधू नद्यांच्या मधल्या मुलखात आला तेव्हा नायसा गावचे लोक भेटायला आले, त्यांचा म्होरक्या अकुफिस म्हणाला आमचं गाव डायोनिससने वसवलंय, आम्हाला मोकळं सोडा. पुरावा म्हणून तिथल्या डोंगरावरची आयव्हीची वेल दाखवली, कारण आयव्ही ही डायोनिससची वेल. डोंगराचं नाव मेरोस, ग्रीकमध्ये मेरोस म्हणजे मांडी, झालं, सगळं सैन्य खूश! आपल्याला ऐकून मेरू आठवतो, त्यांना झ्यूसची मांडी आठवली. हे सगळं लिहिणारा, अलेक्झांडरचा चरित्रकार एरियन पण जरा शंकेनेच लिहितो. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला मेगॅस्थनिस तर म्हणतो भारतीयांना नांगर धरायला डायोनिससनेच शिकवलं, आणि पुढे पाचव्या शतकात इजिप्तच्या नॉनस कवीने याच्या भारत स्वारीवर ४८ भागांचं महाकाव्य रचलं, त्यात झेलमच्या काठावर देव भारतीय राजा डेरिअडीसशी लढतो. कवी काही इकडे फिरकलेला वाटत नाही.

नाशिकला देव नाही आला पण यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, आलेत, त्याचा पुरावा तुझ्या गावातच आहे. पांडवलेण्यांत १७ नंबरच्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, योनक, म्हणजे यवन, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा, त्याने आईबापाच्या नावाने लेणं, चैत्यगृह आणि 'पोढियो' खोदून दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, ट्रेकवाले अजून तोच शब्द वापरतात. तर यवनाने नाशकात काय दिलं, तर पाणी, आणि ते पण बुद्धाच्या भिक्खूंना. रविवारी सकाळी ऊन व्हायच्या आत जाऊन ये, १८ नंबरच्या चैत्यगृहाला अगदी लागूनच आहे.