लंकावीला जातोय. महसुरीची कबर बघावी का? घरचे म्हणतात, शापाच्या जागी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मलेशियातल्या लंकावी बेटावर चार दिवस, सोबत आईबाबा आणि दहा वर्षांची मुलगी. टूरवाल्याच्या यादीत केबल कार आहे, गरुडाचा पुतळा आहे, खारफुटीतली बोट आहे, पण महसुरीची कबर नाही. त्यात शापाची गोष्ट कानावर आल्यापासून आई म्हणतात, सुट्टीत असल्या ठिकाणी पाय कशाला ठेवायचा.

जरूर जा. आईंना घेऊन जा, फक्त आधी पूर्ण गोष्ट सांगा. मी शेजारच्या पेनांग बेटावर राहते. भारतातून पाहुणे आले की लंकावीची फेरी ठरलेली असते, आणि मी प्रत्येकाला तिथे नेते. बेटावर बघायला पुष्कळ आहे, पण हे बेट नेमकं कुणाचं आणि इथे काय घडून गेलं, हे समजायला मला तरी याहून चांगली जागा सापडलेली नाही.

गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. लंकावी तेव्हा केदाहच्या, म्हणजे आजच्या मलेशियातल्या एका राज्याच्या, सुलतानाच्या अमलाखाली होतं. महसुरीचे वडील पांडाक माया आणि आई चिक आलांग हे आजच्या थायलंडमधल्या फुकेतकडून पोटापाण्यासाठी इथे आलेलं जोडपं. मुलगी देखणी, कामाला वाघ, बोलायला गोड. बेटाच्या प्रमुखाच्या घरात तिचं लग्न झालं, नवरा वान दारुस हा लढवय्या. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, सैन्याशी लढायला तो गेला, आणि मागे प्रमुखाच्या बायकोच्या, वान माहोराच्या, मनात सलत असलेलं सगळं वर आलं. याच सुमारास देरामांग नावाचा एक फिरता कथेकरी बेटावर आला. गावोगाव जाऊन गोष्टी सांगणाऱ्या, पद्यं म्हणणाऱ्या अशा लोकांना मलय मुलखात मोठा मान असे. महसुरीने त्याला घरी आसरा दिला. लोक ऐकायला जमू लागले. वान माहोराला एवढं पुरेसं होतं. तिने नवऱ्याचे कान भरले, की ही त्या कथेकऱ्याशी लागू आहे.

चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही, थेट देहदंड. आईवडील पाया पडले, कुणी ऐकलं नाही. महसुरीला झाडाला बांधलं आणि क्रिसने भोसकायला सुरुवात केली. क्रिस म्हणजे मलय लोकांचा तो नागमोडी पात्याचा खंजीर. पण एकही वार लागेना. शेवटी तिनेच सांगितलं, माझ्या घरचा क्रिस आणा, मला मारेल तर तोच. तो आणला, वार झाला, आणि जखमेतून पांढरं रक्त आलं. मलय लोककथांत पांढरं रक्त ही थोर, दैवी वंशाची खूण असते, आणि या गोष्टीत ती निर्दोष असल्याची साक्ष ठरली. मरता मरता ती म्हणाली, सात पिढ्या या बेटाला सुख लाभणार नाही.

आईंना सांगा, शाप कबरीला नाही आणि कबर बघणाऱ्याला तर मुळीच नाही. जिच्यावर अन्याय झाला तिने अन्याय करणाऱ्यांना उद्देशून काढलेले ते शब्द होते. आणि सात पिढ्या उलटल्या, असं लंकावीचे लोक स्वतःच मानतात. महसुरीचा लहान मुलगा तिच्या मृत्यूनंतर फुकेतला नेला गेला, तिथे त्याचा वंश वाढला. त्यातली सातव्या पिढीची मुलगी 2000 सालच्या सुमारास लंकावीला आली, तेव्हा मलेशियाच्या वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं होतं. त्या कुटुंबाचे फोटो आवारातल्या संग्रहालयात आहेत. तिथे लहान मुलांना फार वेळ उभं राहवत नाही, पण तेवढे बघा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कबरीपाशी 1235 हिजरी, म्हणजे इसवी सन 1819, असं साल दिलेलं आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1821 च्या नोव्हेंबरात, सयामच्या दक्षिणेकडच्या लिगोर प्रांताच्या अधिपतीने केदाहवर स्वारी केली. सुलतान अहमद ताजुद्दीन पेनांगला, इंग्रजांच्या आश्रयाला पळाला. केदाह 1842 पर्यंत सयामच्या टाचेखाली राहिलं. लंकावीही लुटलं, जाळलं गेलं. माणसं मेली, पळाली, कैद होऊन गेली. शत्रूच्या हाती अन्न लागू नये म्हणून गावकऱ्यांनी आपलाच तांदूळ पेटवून दिला, ती जागा बेटावरच्या पादांग मातसिरात गावात आजही दाखवतात. मोठा पाऊस झाला की मातीतून काळे दाणे वर येतात, असं तिथले लोक सांगतात. काचेखाली ठेवलेले काही दाणे बघता येतात. बारीक, कोळशासारखे, जवळ वाकल्याशिवाय तांदूळ म्हणून ओळखू येत नाहीत. ही जागा साधी आहे, पाच मिनिटांत आटपते, आणि बहुतेक टूरवाले तिथे गाडी थांबवतच नाहीत. तुम्ही मात्र चुकवू नका.

कारण हे दोन्ही एकत्र बघितलं की शापाचा अर्थ लागतो. ज्या लोकांनी हे भोगलं त्यांनी स्वतःला विचारलं असणार, आपल्यावरच हे का आलं? आणि उत्तर त्यांनी शेजारच्या राजाच्या लोभात शोधलं नाही, स्वतःच्या पापात शोधलं: आपण एका निरपराध बाईला मारलं. पराभवाचा दोष स्वतःकडे घेणाऱ्या लोककथा माझ्या माहितीत फार नाहीत. म्हणून मला ही गोष्ट भुताखेतांची वाटत नाही, कबुलीची वाटते. आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. महसुरी बाहेरून आलेल्यांची मुलगी होती, तेही फुकेतकडच्या, म्हणजे सयामच्या बाजूच्या. लढाईच्या दिवसांत अशा घरावर संशय घेणं किती सोपं गेलं असेल! कथेत हे कुणी उघड म्हणत नाही, हा माझा अंदाज आहे, पण कबरीपाशी उभं राहिलं की तो मनात येतोच.

शाप सरला म्हणून बेटाची भरभराट झाली, असं गाईड सांगतील. भरभराट खरी आहे, पण तिची सुरुवात 1987 ची. त्या वर्षी तेव्हाचे पंतप्रधान महाथीर महंमद यांच्या सरकारने लंकावी करमुक्त केलं. महाथीर केदाहचेच, आणि राजकारणात येण्याआधी सरकारी डॉक्टर म्हणून त्यांनी या बेटावर काम केलेलं. पुढे 2007 मध्ये युनेस्कोच्या भूउद्यानांच्या, म्हणजे खास भूरचनेसाठी जपलेल्या भागांच्या, यादीत बेटाचं नाव आलं. हे मुलीला जरूर सांगा, तिला गोष्ट आणि इतिहास शेजारी ठेवून बघता येईल.

प्रत्यक्ष जागा कशी आहे? बेटावरच्या मुख्य गावापासून, कुआपासून, साधारण बारा किलोमीटर, भातशेतीच्या भागात. आवाराला कोटा महसुरी म्हणतात. कबर पांढऱ्या संगमरवराची, झाडांच्या सावलीत, मोठी नाही. भव्य मकबऱ्याची कल्पना करून जाल तर क्षणभर 'एवढंच?' असं वाटेल, पण थोडं थांबा. आवारात जुन्या केदाही पद्धतीचं लाकडी घर आहे, खांबांवर उचललेलं, त्यामुळे खालून वारा खेळतो आणि पुराचं पाणी आत येत नाही. आईबाबांना तिथे बसायला बरं वाटेल. महसुरीची विहीर म्हणून दाखवतात तीही आत आहे. मुलीला चोंगकाक खेळायला मिळालं तर खेळू द्या: लाकडी पाटावर समोरासमोर खळ्यांच्या दोन ओळी, त्यांत चिंचोके किंवा कवड्या वाटत जायच्या. कोकणात काही घरांत असाच खेळ खेळतात, आईंनी लहानपणी बघितला असेल तर आजी-नातीची जोडी जमेल.

ती मुसलमान बाईची कबर आहे, तेवढं भान ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, कठड्यावर बसू नये, कबरीला टेकून फोटो काढू नयेत. डोक्यावर पदर घ्यायची सक्ती नाही. हात जोडावेसे वाटले तर मनातल्या मनात जोडा.

सगळं मिळून दीड तास धरा, आईबाबा सावकाश चालत असतील तर दोन. तिकीट परदेशी माणसाला मलेशियन नागरिकापेक्षा महाग पडतं, तरी केबल कारच्या मानाने किरकोळच. बेटावर सार्वजनिक बस जवळजवळ नाहीच, तेव्हा भाड्याची गाडी घ्या किंवा मोबाईलवरून टॅक्सी बोलवा. दुपारी ऊन आणि दमटपणा दोन्ही सोसवत नाहीत, म्हणून सकाळी उघडल्याबरोबर पोचा. तिथून मातसिरातचे जळके तांदूळ काही मिनिटांवर आहेत, आणि विमानतळही त्याच बाजूला. परतीचं विमान दुपारचं असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी हे दोन्ही सहज होईल, केबल कारचा दिवसही मोकळा राहील. ड्रायव्हरला मातसिरातची जागा सांगताना 'बेरास तेरबाकार', म्हणजे जळका तांदूळ, म्हणा, लगेच कळेल.